महिपतीची माई

कुरवंड्याच्या झुंबरबाईचं दुःख गावात एकालाही दुःख वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तिचा नवरा महिपती वळवणच्या धरणावर मुकादम होता. त्याची हाक आली की खाली खोदणारी माणसं घाम पुसायचीसुद्धा विसरत. घरातही तोच आवाज. झुंबरे पाणी आण, झुंबरे मेलीस का कुटं. पण लोणावळ्याच्या बाजारातून परतताना तिच्यासाठी रेवड्या आणायला तो कधी विसरला नाही, आणि त्या देताना मात्र आवाज खाली यायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. धरणाचं काम संपलं त्या साली एक गोसावी गावात उतरला आणि सांगून गेला, नवऱ्यानं पायी नर्मदेची परिक्रमा केली तर कूस उजवेल. महिपतीनं ते हसण्यावारी नेलं. झुंबरनंच हट्ट धरला, अबोला धरला, आणि शेवटी दशम्या बांधून त्याला वाटेला लावलं.

तीन वर्षं उलटून गेली. तिनं एकटीनं भात लावला, सासूचं दुखणंखुपणं काढलं, आणि तो येईल तेव्हा नेसायचं म्हणून एक हिरवं लुगडं ट्रंकेत जपून ठेवलं.

तो आला तेव्हा ती तेच नेसून दारात उभी होती. त्याची दाढी छातीपर्यंत, टाचा फुटलेल्या, अंगावर मांस म्हणून नाही. पायांवर पाणी घालायला ती वाकली, तर तो मागं सरकला आणि त्यानं हात जोडले.

"नर्मदे हर, माई."

परिक्रमेत भेटेल ती बाई नर्मदेचंच रूप, तिला माई म्हणायचं, अशी रीत असते. तिला वाटलं, वाटेवरची सवय आहे, जाईल. दिवाळी गेली, संक्रांत गेली, सवय जाईना. शिवी गेली, तंबाखू गेली, पुढ्यात येईल ते शिळंपाकं तो प्रसाद म्हणून खायचा. आणि अंथरूण ओसरीवर घालायचा. शेवटी तिनं तोंड उघडलं.

"अवो, मी बायकू हाय तुमची. मला माई नका म्हनू."

"आता समद्या बायांत माईच दिसती गं माई," तो म्हणाला. "म्या तरी काय करू?"

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ढोंगी असता तर त्याला चार शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो. पण तो भला माणूस झाला होता, आणि त्यातच तिच्या संसाराचं वाटोळं झालं.

तक्रार कुणाकडे करणार? सासू म्हणायची, माझ्या पोराचं सोनं झालं. घोरावाडीहून तिचा भाऊ अंबाजी मेव्हण्याला जाब विचारायला तावातावानं आला, आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून, वर प्रसादाचा नारळ घेऊन परत गेला.

पुढं पुढं लांबलांबच्या बायका मूल मागायला येऊ लागल्या. दर सोमवारी ओसरीवर रांग लागायची. महिपती डोळे मिटून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि लेकुरवाळी व्हशील म्हणायचा. काहींना मुलं झालीही. त्यांनी आणलेले पेढे आत ठेवायचं काम झुंबरचं.

असंच होता होता तिची पाळी जाऊन वर्ष झालं. त्यानंतरच्या एका सोमवारी तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. घड्यांवर विरलं होतं. ते नेसून ती रांगेत सगळ्यांच्या मागं बसली. तिचा नंबर आला तशी ती वाकली. महिपतीनं मिटल्या डोळ्यांनी हात ठेवला. नर्मदेला गेल्यापासून तो हात तिला पहिल्यांदाच लागत होता.

"लेकुरवाळी व्हशील, माई."

"व्हय," ती म्हणाली.

आवाज ओळखून त्यानं डोळे उघडले, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. झुंबर उठली, पदर सारखा केला आणि आलेल्या बायकांसाठी चहाचं आधण ठेवायला आत गेली.