पन्हळीपाशी परत फिरणारा टांगा

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या शाळेतली कुठलीही मुलगी सांगेल. पण संगप्पा टांगेवाल्याने मला जेवढं तापवलं, तेवढं साऱ्या शाळेने मिळून तापवलं नसेल.

संगप्पा मूळचा मंद्रूपचा. सोलापुरात टांगा चालवायला लागून वीस वर्षं झालेली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि तसेच तीन पट्टे त्याच्या घोडीच्या, शेवंतीच्या कपाळावर. रोज साडेदहाला तो मला घरून शाळेत सोडायचा. मी, दुर्गाबाई मास्तरीण, म्हणजे त्याची पक्की सवारी.

बहात्तर साली शाळेपुढचा रस्ता रुंद झाला. मधोमध कमरेएवढा कट्टा बांधला. अलीकडच्या अंगाने जायचं, पलीकडच्या अंगाने यायचं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या भागात शिरायचं नाही, अशी पाटी लागली. आमची शाळा पडली पलीकडच्या अंगाला. म्हणजे कट्टा संपेपर्यंत पुढे जायचं, वळसा घालायचा आणि पलीकडून मागे यायचं. एवढं सोपं. पण कट्टा संपतो नेमकं तिथे महादेवाचं जुनं देऊळ. रस्ता रुंद करताना ते हलवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून ते आलं रस्त्याच्या मधोमध.

पहिल्या दिवशी संगप्पाने देव उजव्या हाताला ठेवून टांगा छान पुढे नेला. देवळाच्या कडेला तीर्थाची पन्हळ बाहेर आलेली. तिथे पोचल्यावर त्याने लगाम ओढला, हात जोडले आणि टांगा जागच्या जागी उलटा फिरवला. समोरून सुताच्या गाठी भरलेला ट्रक येत होता.

"संगप्पा, अहो कुठे निघालात?"

"महादेवाची पन्हळ वलांडत न्हाईत, बाई. तितनं माघारी फिरायचं. तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"ते देवळात प्रदक्षिणा घालताना. हा सरकारी रस्ता आहे."

"देवाभवती फिरलं की प्रदक्षिणाच की. मग पायी फिरा न्हाईतर टांग्यात."

ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्या काढल्या. संगप्पाने शांतपणे सगळा रस्ता उलटा कापला, कट्ट्याच्या सुरुवातीला आला आणि तिथून पलीकडच्या अंगाला शिरला. तिथेही गाड्या समोरूनच. म्हणजे एका फेरीत दोनदा चुकीच्या बाजूने.

"मग पहिल्यांदाच इकडून शिरायचं होतं की," मी करवादले.

"तसं कसं, बाई? नेमाविरुद्ध हाय ते. पाटी न्हाय का वाचली?"

आता या माणसापुढे डोकं कुठे आपटायचं? अलीकडेच उतरून कट्टा चढून जावं म्हटलं, तर नऊवारी साडी, वह्यांचा गठ्ठा आणि माझं वजन. बसून राहिले.

कोपऱ्यावर कुंडलिक हवालदार उभा असायचा. आधी तो शिट्टी वाजवायचा, मग ओरडायचा, मग नुसताच कपाळाला हात लावायचा. शेवटी वाहतुकीच्या साहेबांनी संगप्पाला बोलावून सुनावलं. "सोमवारी मी स्वतः टांग्यात बसणार, पुन्हा उलटा आलास तर परवान्याचा बिल्ला जमा."

बिल्ला गेला म्हणजे टांगा गेला, शेवंती विकायची आणि चार पोरं घेऊन मंद्रूपला परत जायचं. त्या दुपारी संगप्पा शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

"देव सोडू का घोडी सोडू, तुमीच सांगा."

एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं. पण त्याचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. मी तडक देवळाच्या गुरवाकडे गेले. तो म्हणाला, पन्हळ झाकलेली असली तर ओलांडायला दोष नाही. मग मीच एक शहाबादी फरशी आणवली आणि रविवारी पन्हळीवर पक्की बसवून घेतली. संगप्पाने ती चारही बाजूंनी तपासली. "हां, झाकली खरी," म्हणाला.

सोमवारी साहेब पुढे बसले, मी मागे. पन्हळीपाशी आलो आणि शेवंती खांबासारखी उभी. संगप्पा जिभेने टकटक करतोय, चाबूक हवेत फिरवतोय, घोडी ढिम्म.

"तिला फरशीचं ठावं न्हाय, सायेब," तो म्हणाला. "तिला सवय झालीया माघारी फिरायची."

साहेबांनी खिशातून बिल्ला जमा करायचा कागद काढला. माझं डोकं फिरलं. मी खाली उडी मारली, शेवंतीच्या तोंडाची मोहरकी धरली आणि "चल गं भवाने" म्हणत तिला ओढत पन्हळीपुढून पलीकडे नेलं. घोडी गुमान आली. साहेबांनी कागद परत खिशात ठेवला.

"रोज असंच न्या," म्हणाले.

रोज असंच नेलं. सहा वर्षं. भाडं पूर्ण देऊन मी पन्हळीपाशी उतरायची, घोडी ओढायची, पुन्हा चढायची. कुंडलिक माझ्यासाठी गाड्या थांबवून सलाम ठोकायचा. संगप्पा वर बसून, डोळे मिटून, हात जोडून. मुली मला घोडेवाल्या बाई म्हणायला लागल्या, आणि त्या काही खोटं बोलत नव्हत्या.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात संगप्पाला ताप भरला. त्याची बायको सुंदरम्मा टांगा घेऊन आली. पन्हळीजवळ आल्यावर मी सवयीने उतरायला लागले.

"बसा की बाई, का उतरायलाव?" ती म्हणाली, आणि शेवंती दुडक्या चालीने पन्हळीपुढून पार झाली. थांबली नाही, अडखळली नाही.

संध्याकाळी मी संगप्पाच्या दारात हजर. तो घोंगडी गुंडाळून बसलेला.

"इतकी वर्षं लगाम तुम्ही ओढून धरत होतात."

त्याने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. "व्हय," म्हणाला.

"फरशी होती ना?"

"फरशीवर मन बसंना, बाई. म्हटलं, घोडी जो वडंल, वलांडायचं त्यानं. आमी नुस्तं वर बसलेलो."

"म्हणजे सहा वर्षं पन्हळ मी ओलांडत होते."

"तुमी मास्तरीणबाई. देव तुमाला काय म्हणनार हाय?" मग हळूच म्हणाला, "दर सोमवारी बेल वाहतोय की. पयला तुमच्या नावानं, मंग घोडीच्या, मंग आमच्या घरच्यांच्या."

सुंदरम्माने मान हलवली. खरं होतं ते. मी घरून पाठ करून आणलेल्या शिव्या तशाच परत घेऊन आले.

आठवड्याने संगप्पा बरा होऊन आला. पन्हळीपाशी टांगा थांबला. त्याने लगाम घट्ट ओढून धरलेला. खाली उतरले आणि शेवंतीची मोहरकी धरली.

"लगाम सोडा आता," मी म्हटलं. "नेते मी."