अक्षरांमागची चप्पल

ईरा आणि अनय,

तुमची काकीआजी गेली त्याला सहा आठवडे झाले. तुम्ही टोरांटोत, मी इथं संग्रामपुरात. त्या दिवशी फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं की ताप आला, शेगावच्या दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. ते खरंच आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली... राहिली नाही, मी राहू दिली. ईरा, तुझा निबंध शाळेच्या अंकात छापून आला, आणि त्यात एक चूक आहे. ती तुझी नाही, माझी आहे. छापलेल्या चुकीची दुरुस्ती छापूनच यावी, असं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मानत आले. म्हणून हे तुम्हा दोघांना पत्रात न लिहिता वर्तमानपत्राच्या पुरवणीला देते आहे.

सुमन माझी धाकटी जाऊ. तिची शाळा चौथीला सुटली. ती या घरात आली तेव्हा मी बी.ए. करून हायस्कुलात लागले होते, आणि गावातल्या पोरांसारखं तीही मला 'बाई' म्हणायची. मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही सुट्टीत यायचात, मी आणलेली पुस्तकं नीट बॅगेत भरायचात आणि दिवसभर तिच्यामागं गोठ्यात असायचात. परत जाताना शेगाव स्टेशनवर तुम्ही माझ्या पाया पडायचात आणि तिच्या गळ्यात पडायचात. तिच्या अंत्ययात्रेला आमच्या आळीतली शाळकरी मुलं वर्ग सोडून आली. माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली, त्यांतली किती येतील, याचा विचार मी तिथं उभी राहून केला. असा विचार त्या वेळी करू नये, पण केला.

दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. तुमच्या बाबानं मोठा टीव्ही बसवून दिला आणि मी रविवारी दुपारी दोन वाजताचा सिनेमा ठरवला. वहीत नाव, देश, भाषा आणि दहापैकी गुण. मी खुर्चीवर बसून पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी मोठ्यानं मराठीत सांगायची. सुमन सतरंजीची घडी घालून खाली, टीव्हीपासून चार हातांवर. ईरा, तू दहा वर्षांची होतीस त्या सुट्टीत मी युद्धावरचे सिनेमे निवडले होते, लहान मुलांच्या डोळ्यांनी दाखवलेले. अशा सिनेमात कोण जिंकलं ते बहुधा कळतच नाही. मुलाला ते ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असते घरची कोंबडी, मोडकं दार, आणि आज आई वेगळी दिसते आहे एवढंच. मला ते अपुरं वाटायचं. मी मध्येच रिमोटनं थांबवून देश सांगायची, साल सांगायची, नकाशा काढायची.

"बाई, चालू राहू द्या ना," सुमन एकदा म्हणाली. "कोनाची फौज हाय, ते त्या पोट्टीले तरी मालूम हाय काय? मंग मले काऊन सांगता?"

तू खदखदून हसलीस. ते हसणं मी विसरलेले नाही.

त्यातला एक सिनेमा असा होता. सात वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला घेऊन पलंगाखाली लपते. शिपाई गावातल्या माणसांना अंगणात उभं करतात. कॅमेरा पलंगाखालून बाहेर येतच नाही. दिसतात ते पाय, बूट, आणि घरंगळत आलेला एक कांदा. मग गोळ्या. मुलगी ओरडत नाही, भावाचं तोंड भिंतीकडं वळवते. सिनेमा संपल्यावर मी वही उघडली आणि म्हटलं, "बापाचं काय झालं ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही. दोन गुण कमी."

"दाखोलं ना बाई," सुमन म्हणाली. "त्याची चप्पल होती ना थे. अंगठा तारानं बांधेल होता. सुरुवातीले नाई का तो दारात बसून बांधत होता? पोरीनं चपलेवरून बापाले वयखलं. म्हनून तं भावाचं तोंड फिरवलं."

आपण मागं नेऊन पाहिलं. चप्पल होती. त्या क्षणी एका शिपायाचा हुकूम खाली अक्षरांत उमटला होता आणि मी तो वाचून दाखवत होते. अक्षरांच्या मागंच ती चप्पल होती. तू माझ्या खुर्चीजवळून उठलीस आणि सुमनच्या मांडीवर जाऊन बसलीस. त्या सुट्टीत पुन्हा खुर्चीकडं आली नाहीस. मी वहीत गुण वाढवले. कोणामुळं, ते लिहिलं नाही.

गेल्या वर्षी तू माझ्या फोनवर आवाजी निरोप पाठवलास, कारण तिच्याकडं फोन नव्हता. "आजी, हे काकीआजीला ऐकव हं. काकीआजी, माझा निबंध त्या युद्धाच्या सिनेमांवर आहे. ती पलंगाखालची मुलगी... मला फक्त मी तुझ्या मांडीवर बसलेली आठवते. तुला त्यात काय दिसलं होतं, सांग ना."

फक्त तिची मांडी. सिनेमा मी लावला होता, ओळी मी वाचल्या होत्या. मी तो निरोप तिला ऐकवला नाही. तुला तीन पानांचं ई-पत्र लिहिलं, की काकीआजीला आता काही आठवत नाही, पण मला एक चप्पल दिसली होती.

सुमन दर रविवारी विचारायची, "ईराचा फोन नाई आला काय, बाई?"

"अभ्यासात असेल," मी म्हणायची.

मग एका दुपारी तुझ्या बाबानं फोन केला आणि कौतुकानं तुझा निबंध मराठीत करून वाचून दाखवला. फोन स्पीकरवर होता. सुमन शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "माझी आजी इंग्रजीची शिक्षिका होती. ती चप्पल तिनं मला दाखवली." सुमनचा हात थांबला. मी फोनकडं बघत राहिले.

"बाईची नजर पयल्यापासूनच बारीक हाय रे," ती फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर मी तिच्या बरोबरीला आले असते. तेही तिनं होऊ दिलं नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती चांगली जागी होती. मी फोन काढला, तुझा निरोप शोधला. बोट त्यावर ठेवलं. तुझा आवाज ऐकून तिचा चेहरा कसा होईल, हे मला माहीत होतं... आणि तो मला बघायचा नव्हता. त्या खाटेशी बसूनसुद्धा नव्हता.

"पोराइले सांगजा, बरी हाय म्हना," ती म्हणाली.

"सांगते," म्हणून मी फोन पिशवीत ठेवला.

परवाच्या रविवारी दोन वाजता मी तोच सिनेमा लावला आणि खाली सतरंजीवर बसले. उठताना खुर्चीचा पाय धरावा लागला. चप्पल या वेळी दिसली, पण कुठं बघायचं ते मला आधीच सांगितलेलं होतं.

ईरा, चप्पल सुमननं पाहिली होती. अंकाच्या संपादकांना तसं कळव. तिच्या सतरंजीची घडी टीव्हीसमोर आहे, चार हातांवर. तुझा निरोप माझ्या फोनमध्ये आहे, बेचाळीस सेकंदांचा.