ग्लिसरिनची बाटली

पाण्यावर संशोधन करते म्हटलं की शनिवार पेठेतल्या शेजारणी विचारायच्या, पाण्यात मोजायचं काय असतं? मी पहिल्यांदा उत्साहाने सांगायचे. विजेचं क्षेत्र लावलं की पाण्याचे रेणू एका दिशेला तोंड करतात. ते काढलं की पुन्हा विस्कटतात. त्या विस्कटण्याला लागणारा वेळ मी मोजते. पाणी चपळ, ग्लिसरिन आळशी. पण ग्लिसरिनमध्ये पाणी मिसळलं की तेही चटपटीत होतं. किती मिसळल्यावर किती, हा माझ्या पीएचडीचा विषय. तोवर शेजारीण कढीपत्ता घेऊन गेलेली असायची.

दिवाळीनंतर माझी मोजमापं बिघडली. प्रत्येक मिश्रण अपेक्षेपेक्षा लवकर विस्कटायचं. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, आलेख बघून चष्मा पुसायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे की आपल्याला साधं पाणी मोजता येत नाही, संशोधन कशाला करता? आलेख जुळल्याशिवाय प्रबंधावर सही मिळणार नव्हती. आणि जूनमध्ये शिष्यवृत्ती संपत होती.

मी थर्मामीटर बदलला. डिस्टिल्ड वॉटर पुन्हा डिस्टिल केलं. मिश्रणं तीन-तीनदा तोलली. प्रयोगशाळेतल्या शिपायावरही संशय घेतला, त्याची लाज आजही वाटते. तो शांतपणे म्हणाला की बाटल्यांना हात लावायची त्याला परवानगीच नाही. ते खरं होतं. काचेची भांडीसुद्धा सर स्वतः धुवायचे, कारण पुण्यात ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही अशी त्यांची खात्री होती.

होळीच्या आसपास एका दुपारी जेवायला निघाले आणि डबा राहिला म्हणून परत आले. सर भांडी धुऊन वळले होते. हिवाळ्यातल्या थंडीने आणि धुण्याच्या सोड्याने त्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या शुद्ध ग्लिसरिनच्या रुंद तोंडाच्या बाटलीत ओली दोन बोटं बुडवली, हातांना चोळली, पुन्हा बुडवली. झाकण नुसतं वर ठेवलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. म्हटलं, "सर, रोज करता हे?"

"हिवाळ्यात करावंच लागतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि झाकण घट्ट लावलं.

मी उरलेल्या ग्लिसरिनमधलं पाणी तपासलं. तेवढं पाणी धरून आकडेमोड केली, तर गेल्या आठवड्यातला आलेखावरचा प्रत्येक बिंदू रेषेवर येऊन बसला. कागद सरांपुढे ठेवला. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

"म्हणजे आपली मोजमापं बरोबर होती," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला मी हिवाळाभर आसुसले होते. पण त्याआधी कोणत्या दिवशी बाटलीत किती पाणी गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि त्यांतलं एकही मोजमाप प्रबंधात घालण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. जूनला तीन महिने उरले होते. मी नवी बाटली मागवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.