पाणी म्हण

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात संस्थेच्या अध्यक्षांनी मला मंचावर बोलावलं. टेबलावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला होता. त्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाले, "पाणी म्हण."

माझं वय चौतीस. धाराशिवच्या एका दैनिकात मी संगणकावर पानं लावते. मला ऐकू येत नाही. अध्यक्षांचं वाक्य मी ओठांवरून वाचलं. त्याबद्दल शंका नाही. हे दोन शब्द याच तोंडावर मी सात वर्षांची असल्यापासून वाचत आले आहे.

पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे आणि देणगीदार बसले होते. सगळे ऐकू येणारे. मागं सतरंजीवर माजी विद्यार्थी.

मी तोंड उघडलं नाही.

शाळा मूकबधिर मुलांची. फाटकावरच्या पाटीवर अजून हाच शब्द आहे. आत वाणीवर्ग नावाची एक खोली होती. तिथं मोठा आरसा आणि कागदाच्या पट्ट्या. बाई पट्टी तोंडासमोर धरायच्या आणि 'प' म्हणायच्या. पट्टी हलायची. मग पट्टी आमच्या तोंडासमोर. आमचा एक हात बाईंच्या गळ्यावर, दुसरा स्वतःच्या गळ्यावर. गळा थरथरला पाहिजे, पट्टी हलली पाहिजे.

बाकीच्या वेळी हात मांडीखाली. हातानं बोलायचं नाही, हा शाळेचा नियम होता. हात वर आला की पेरांवर फूटपट्टी बसायची. आडवी नाही, कडेनं.

आम्ही तरी बोलायचो. जेवणाच्या रांगेत, धुण्याच्या दगडापाशी. प्रत्येकाला हातानं घ्यायचं एक नाव होतं. हजेरीतलं नाव वेगळं. बालाजीचं नाव कपाळावर दोन बोटं, कारण तिथं पडल्याची खूण होती. माझं नाव हनुवटीवर अंगठा. अध्यक्षांना गावातले तात्या म्हणत. आमच्यात त्यांचं नाव गळ्याभोवती हार. ते फाटकातून आत आले की रांगेत हात फिरायचे: हार आला, हात खाली.

बालाजी लोहाऱ्याकडचा. जन्मापासून ऐकू न येणारा. माझ्याच वर्गात.

दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी नवे पालक यायचे. त्यांना अंगणात बसवत. टेबलावर पेला ठेवत. मला आणि बालाजीला पुढं उभं करत. नेहमी आम्हा दोघांनाच. याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणायचे, "पाणी म्हण." मी म्हणायचे. पेला मला मिळायचा.

मग बालाजी. तो तोंड उघडायचा, मान ताणायचा. तोंडासमोरची पट्टी हलायची नाही. पालक हसायचे. हसणं मला ऐकू यायचं नाही. दात दिसायचे.

तिसरीत असताना पालकांमध्ये बालाजीचे वडील होते. दुसऱ्याच्या शेतात सालानं राबणारा माणूस. पोराला भेटायला आले होते, त्यांनाही तिथंच बसवलं. बालाजीला 'पाणी' जमलं नाही. अध्यक्ष वडिलांकडं वळले. ते शब्द मी वाचले. "ही पोरगी बोलती. तुझ्या पोराला काय धाड भरली? आळस हाय निस्ता."

वडील उठले. बालाजीच्या कानाखाली मारली. टोपी नीट केली आणि जागेवर जाऊन बसले.

पेला माझ्या हातात होता. मी सगळं पाणी पिऊन टाकलं. मला तहान नव्हती.

बक्षीस म्हणून पेन मिळालं. मी ते दहावीपर्यंत वापरलं.

आता पुढं जे लिहिते त्याला कागदाचा पुरावा आहे.

आमचं घर अणदूरला. सहा वर्षांपर्यंत मला ऐकू येत होतं. वस्तीवरच्या विहारात मी वंदना म्हणायचे. आई सांगते, मोठ्या बायका चुकायच्या, मी चुकायचे नाही. मग ताप आला. सोलापूरच्या दवाखान्यात राहिले. ताप उतरला तेव्हा ऐकू येणं गेलं होतं. बोलणं राहिलं होतं. सातव्या वर्षी आईनं शाळेत घातलं.

म्हणजे मला बोलायला शाळेनं शिकवलं नाही. आईनं शिकवलं. हे मला माहीत होतं. पण ज्या गोष्टीसाठी टाळ्या मिळतात, तिच्याबद्दल मूल खोलात जात नाही. मीही गेले नाही. चौतीस वर्षांची होईपर्यंत गेले नाही.

गेल्या दिवाळीनंतर शाळेनं स्मरणिका काढायचं ठरवलं. पानं लावण्याचं काम माझ्याकडं आलं. त्यात एक भाग होता: माजी विद्यार्थी सध्या काय करतात. माहितीही मीच गोळा करावी, असा निरोप होता.

मी बातमीच्या पद्धतीनं काम केलं. आमच्या दैनिकात सय्यद सर उपसंपादक आहेत. नवीन असताना त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: "'असं समजतं' म्हणजे समजलेलं नसतं." ती चिठ्ठी माझ्या संगणकाला चिकटवलेली आहे. मी प्रत्येकाला व्हिडिओ कॉल केला. जे हातानं सांगितलं ते मराठीत लिहिलं, परत दाखवलं आणि होकार घेतला. नोंदी अशा:

कपाळावर दोन बोटं. लोहाऱ्यात शिलाईचं दुकान. बायकोलाही ऐकू येत नाही. मुलगी चार वर्षांची, तिला येतं. आमच्याशी हातानं बोलते, आजीशी तोंडानं. दोन्हीकडं भांडते.

गालावर खळी. लग्न झालं. सासरी हात हलवले की म्हणतात, लोक बघायलेत. मोबाईल सासूकडं असतो. (ही नोंद बहिणीनं पाठवली. स्वतः तिच्याशी बोलणं झालं नाही. खात्री बाकी.)

तुटका दात. कळंबला आडतीत पोती शिवतो. अकरा वर्षं. मालक खडा मारून बोलावतो. माझं नाव त्याला माहीत नाही. मला त्याचं माहीत आहे.

उंच. रस्त्यानं चालताना मागून आलेल्या टेम्पोनं उडवलं. जागीच गेला. हॉर्न वाजवला होता, असं चालक म्हणाला. (भावानं सांगितलं. मृत्यूचा दाखला पाहिला.)

अशी चार पानं झाली. बालाजीची नोंद घेताना मी त्याला विचारलं, शाळेबद्दल काही लिहू का?

त्यानं हातातली शिलाई बाजूला ठेवली. मग हात उचलले. "लिही, अजून पाणी मागता येत नाही. पण पितो."

मग हसला. म्हणाला, "ते तू प्यायलीस. सगळं. थेंब ठेवला नाहीस."

चेष्टाच होती. त्यात राग नव्हता. मी कॉल बंद केला आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

चार पानं अध्यक्षांकडं गेली. आठ दिवसांनी लाल शाईनं दुरुस्त होऊन परत आली. सगळ्या नोंदी खोडल्या होत्या. हाताची नावं खोडली होती. प्रत्येकापुढं एकच वाक्य होतं: शाळेच्या प्रयत्नाने बोलू लागला व स्वतःच्या पायावर उभा राहिला. बायकांपुढं 'लागली' आणि 'राहिली'. उंचपुढंही तेच वाक्य होतं. तो मेलेला आहे, हे नोंदीत स्पष्ट लिहिलेलं होतं.

माझ्यापुढं वेगळं वाक्य होतं. पूर्ण मुकी आलेली ही मुलगी शाळेने बोलती केली.

मी आईला फोटो पाठवला. शेजारच्या पोरीनं तिला वाचून दाखवला. आईनं त्याच पोरीकडून उत्तर लिहून पाठवलं: "मुकी कुठं व्हतीस तू. हेडमास्तरनं माझ्यासमोर लिवून घेतलंय. कागद हाय माझ्यापशी."

कागद पत्र्याच्या पेटीत होता. प्रवेश अर्जाची प्रत, शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे: ताप येण्यापूर्वी ऐकत होती. स्पष्ट बोलते. वंदना पाठ.

म्हणजे शाळेला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. जून महिन्यात दर वर्षी अंगणात ज्या मुलीला उभं केलं ती आधीच बोलणारी होती, आणि तिच्याशेजारी ज्या मुलाला उभं केलं त्यानं आयुष्यात आवाज ऐकलेला नव्हता. त्याला आळशी ठरवायला माझा आवाज वापरला. बालाजीच्या कानाखाली बसलेल्या हाताच्या मागं मी उभी होते.

मी लाल शाईची पानं लावायला नकार दिला. लेखी दिला. उत्तर आलं नाही. मेळाव्याचं निमंत्रण आलं. मी धाकट्या बहिणीला सोबत घेऊन गेले. तिला ऐकू येतं. आईलाही शाळेनं बोलावलं होतं.

तर मंचावर पेला होता, माईक होता. अध्यक्ष आता थकलेत. गळ्यात हार नव्हता. सतरंजीवरून बालाजीनं मला हातानं सांगितलं, "आज गळा रिकामा. तब्येत बरी नसंल."

मी हसले नाही. अध्यक्षांनी पुन्हा म्हटलं, "पाणी म्हण."

मी हात उचलला. मूठ वळून अंगठा ओठांकडं नेला. आमच्यात पाण्याची हीच खूण. याच खुणेसाठी पेरांवर कडेनं फूटपट्टी बसायची.

"तोंडानं," अध्यक्ष म्हणाले.

मी पुन्हा अंगठा ओठांकडं नेला.

पुढच्या रांगेत आई होती. तिचे ओठ मला दिसले. "बोल की माय, समदे बघायलेत." नंतर तिनं पदर तोंडाला लावला आणि पुढचं दिसलं नाही.

अध्यक्ष पाहुण्यांकडं तोंड करून काहीतरी बोलले. मला त्यांची पाठ दिसत होती. टाळ्या वाजल्या. ते काय बोलले, हे बहिणीनं मोबाईलवर लिहून दाखवलं: "पोरीचा घसा बसलाय आज. न्हायतर पोपटावाणी बोलती."

मी खाली उतरले. पेला टेबलावर भरलेलाच राहिला.

बालाजीनं सतरंजीवर जागा करून दिली.  

त्या दिवसापासून मी घराबाहेर आवाज वापरत नाही. बसमध्ये नाही, दुकानात नाही, कार्यालयात नाही. सय्यद सरांनी कारण विचारलं. मी प्रवेश अर्जाची प्रत पुढं ठेवली. त्यांनी वाचली आणि लिहिलं, "तारीख नीट दिसत नाही. पुन्हा स्कॅन कर." मी केला.

स्मरणिका आली. नोंदींची पानं दुसऱ्या कुणीतरी लावली. एकच वाक्य सगळ्यांपुढं आहे. उंच अजून स्वतःच्या पायावर उभा आहे.

आमच्या चार पानांचा मी एक कागद केला. एका बाजूला प्रवेश अर्जातला शेरा, शिक्क्यासकट. दुसऱ्या बाजूला नोंदी, जशा सांगितल्या तशा, हाताच्या नावांसह. मार्चमध्ये गालावर खळीनं माहेरून कॉल केला. नोंद वाचली. 'लोक बघायलेत'च्या पुढं एक ओळ वाढवायला सांगितली: मुलाला चोरून हातानं बोलायला शिकवते. मी विचारलं, छापू का? घरात कळेल. ती म्हणाली, छाप. मी 'खात्री बाकी' काढून टाकलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत प्रवेश सुरू झाले. सकाळी नऊला मी फाटकाबाहेर उभी राहिले. बालाजी दुकान बंद ठेवून आला होता, मुलीला घेऊन. तिच्या पाठीवर पाण्याची बाटली. आत अंगणात टेबल मांडलेलं दिसत होतं. शिपाई येऊन म्हणाला, "इथं थांबायचं न्हाय." मी त्याला एक कागद दिला. त्यानं तो वाचला, खिशात घातला आणि आत गेला.

पालक दहाच्या सुमारास आले. एका बाईच्या कडेवर मुलगा होता. मी कागद पुढं केला. तिनं मला काहीतरी विचारलं. बालाजीच्या मुलीनं तिला तोंडानं उत्तर दिलं आणि मला हातानं सांगितलं, "विचारायली, तुमी कोण. मी म्हटलं, इथल्याच."

बाईनं कागद घेतला. दोन्ही बाजू वाचल्या. घडी घातली आणि मुलाला घेऊन फाटकातून आत गेली.

मी पंधरा प्रती नेल्या होत्या. दुपारी एकला परत निघाले तेव्हा नऊ उरल्या होत्या. पुढच्या जूनसाठी त्या पेटीत ठेवल्या आहेत.