चहा निवेपर्यंत

गॅलरीवाले भाऊजी कुणाला गरम चहा पिऊ देत नसत. निशातगंजच्या बाजारात, साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची गॅलरी. जिना चढून गेलं की वेताच्या मोढ्यावर बसवायचे, हातात कप द्यायचे आणि म्हणायचे, "चहा निवेपर्यंत समोर बघा. मग प्या." समोर चित्र. त्यात ना माणूस, ना झाड, ना देव; नुसते रंग.

आमच्या ह्यांच्याबरोबर ते रेल्वेत इंजिनिअर, मानक नगरला आमच्याच कॉलनीत. रिटायर झाल्यावर लोक घर बांधतात. भाऊजींनी अमूर्त चित्रांची गॅलरी काढली! खालचा साडीवाला विचारायचा, "इसमें है क्या, भाईसाहब?" भाऊजी त्याच्याच दुकानातली चिकनच्या भरतकामाची साडी उलगडायचे. "इस बूटी से पूछते हो, किस पेड़ की है?"

"वो तो बिकती है," साडीवाला म्हणायचा.

गिऱ्हाईक कधी आलंच नाही असं नाही हं. एका बाईंना सोफ्याला मॅचिंग म्हणून एक निळं चित्र हवं होतं. भाऊजींनी दिलं नाही. "सोफा बदलला की ते माळ्यावर जाईल, वहिनी," मला म्हणाले.

"अरे, मग इथे तरी कोण बघतंय?" असं हे म्हणाले, तेव्हा भाऊजींनी ह्यांच्या हातात चहाचा कप दिला.

पुढे घरमालकानं जागा विकली. भाऊजींच्या मागे कुणी नव्हतं, छातीचं दुखणं बळावलेलं. चित्रं कुठे ठेवायची, हा एकच घोर. कॉलेजं झाली, बँका झाल्या, सगळीकडे "अच्छा, बताएँगे." शेवटी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर, एकेका घराला एकेक चित्र देऊन टाकलं. भिडेपोटी सगळ्यांनी घेतलं.

दिवाळीत भाऊजी घरोघरी फराळाला गेले. चिवडा खाताखाता भिंती बघायचे. कुठे कॅलेंडर, कुठे टीव्ही. विचारलं कुणालाच नाही. आमच्याकडे मात्र ते निळं लावलेलं होतं. मला ते कळलं होतं असं नाही, आजही कळत नाही. पण त्याच्यासमोर मी गप्प बसते, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय, ते आमच्या घरी विचारा!

"वहिनी, हे राहील ना?"

"राहील की, भाऊजी."

त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता हेही नाहीत. मुलाची नोकरी अमौसीला, एअरपोर्टवर. तिकडच्या फ्लॅटमध्ये मला नेतोय. काल सामान बांधताना तो चित्रापाशी थांबला. "मम्मी, ये वहाँ कहाँ लगेगा? इसमें है क्या?"

मी मोढा ओढला, त्याला बसवलं, हातात चहा दिला. म्हटलं, "निवेपर्यंत बघ."

"ठंडी हो जाएगी, मम्मी," म्हणाला, आणि दोन घोटांत कप रिकामा करून उठला.