बोनेटवरची गादी

आमच्या भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या कुठल्याही पोराला विचारा, बोनेट म्हणजे काय. तो कारच्या पुढचं झाकण दाखवील. भिलाई-तीनच्या रेल्वे क्वार्टरमधला माणूस म्हणेल, आमच्याकडे त्याला हूड म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. पण मी वीस वर्षं एका जुन्या बसने भिलाई-तीनच्या शाळेत शिकवायला जाते आहे आणि मला विचाराल तर बोनेट ही बसायची जागा आहे. या बसचं इंजिन आतच असतं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आणि त्यावर लोखंडी पत्र्याचं मोठ्या पेटाऱ्याएवढं झाकण. सीटा भरल्या की कंडक्टर ओरडतो, "बोनेट खाली है, बोनेट!" आणि माणसं तिथे चढून बसतात.

थंडीत या जागेवरून भांडणं होतात आणि एप्रिलपासून ती फुकट दिली तरी कुणी घेत नाही. डबा गरम ठेवायला, ओला रुमाल वाळवायला, गुडघे शेकायला, सगळ्याला बोनेट. मी त्यावर सहामाहीचे पेपरही तपासले आहेत.

ड्रायव्हर देवराव लांजेवारला मात्र बोनेट वेगळ्याच कामाचं होतं. देवराव मूळचा भंडाऱ्याकडचा. बाप भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागला म्हणून सगळं घर इकडे आलं. देवरावला काही प्लांटची नोकरी लागली नाही, त्याने स्टिअरिंग धरलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षीही सोडलं नव्हतं. गाडीतला इंजिनाची गरमी दाखवणारा काटा केव्हाचा मेला होता. मालक बळीराम शेठ तो बदलत नव्हते, कारण देवरावचा हात होता. दर स्टॉपला गाडी थांबली की तो डावा पंजा बोनेटवर टेकवायचा, आजारी लेकराच्या कपाळावर टेकवतात तसा. "ताप नाही," असं स्वतःशीच म्हणायचा आणि गिअर टाकायचा. कधी म्हणायचा, "थोडी कणकण हाय," आणि उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा. एवढ्या वर्षांत त्याची गाडी तापून कधी उभी राहिली नाही. त्याला या गोष्टीची फार घमेंड होती, आणि मला ती घमेंड आवडायची.

बोनेटवरच्या पक्क्या सवाऱ्या म्हणजे तुळसाबाई आणि तिच्या पाच जणी. पहाटे पावर हाउस स्टॉपजवळच्या ठोक बाजारात भाजी घ्यायची आणि भिलाई-तीनला नेऊन विकायची, हा त्यांचा धंदा. टोपल्या पुढच्या दाराशी ठेवलेल्या, त्यांच्यावर नजर राहावी म्हणून त्या उन्हाळ्यातही बोनेटवर. गेल्या उन्हाळ्यात तुळसाबाईच्या मांडीला पत्र्याचा चटका बसून फोड आला. देवरावने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याने घरची दुपट्ट्याची घडी आणून तिथे टाकली. ती पाहून त्या सहा जणींना काय वाटलं कोण जाणे, आठवड्याभरात त्यांनी पावर हाउसच्या सीटकव्हरवाल्याकडून एक गादीच शिवून आणली. खाली पोती, मध्ये चार बोटं फोम, वर लाल रेक्झिन, चारी कोपऱ्यांना बांधायला नाड्या. तुळसाबाईने ती स्वतः बांधली.

"भाऊ, आता तुमाले दुपट्टा आणाची गरज नाही," ती म्हणाली.

देवराव लाजून हसला. एरवी हा माणूस चहासुद्धा कुणाच्या पैशाचा घेत नसे.

आता गंमत पाहा. पुढच्या स्टॉपला त्याने सवयीने पंजा टेकवला तो गादीवर. खाली इंजिन आहे की बर्फाची लादी, काही कळेना. गादीचा कोपरा उचलावा तर सहा बायांना उठवावं लागेल, दर स्टॉपला. त्याने उचलला नाही. महिनाभर तो गादीवरच हात टेकवत राहिला आणि "ताप नाही" म्हणत राहिला. पहिल्या सीटवरून हे मला दिसत होतं. मी काही बोलले नाही, याचा मला अजून राग येतो.

मे महिन्यात खुर्सीपार ओलांडल्यावर रेडिएटरचा पाइप फुटला. पाणी सगळं रस्त्यावर सांडलं, वर कुणाला पत्ता नाही. करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ धूर. देवरावने गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं. सवाऱ्या उतरल्या, टोपल्या उतरल्या. देवराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसून होता.

बळीराम शेठ स्कूटरवर आले. त्यांनी आधी इंजिन पाहिलं, मग त्याला. "देवराव, हाथ बुढ़ा गया क्या?"

मला वाटलं, आता हा गादीचं सांगेल. निदान मेलेल्या काट्याचं तरी सांगेल. देवराव म्हणाला, "हाँ सेठ, बुढ़ा गया."

त्याला गाडीवरून काढलं आणि गॅरेजमध्ये बसगाड्या धुवायला लावलं. इंजिन दुरुस्त होऊन गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला. मी एका रविवारी गॅरेजवर गेले. देवराव पाइप धरून चाकं धूत होता.

"खरं कावून नाही सांगतलं?" मी विचारलं. रागावले की मीही घरच्या बोलीवर येते.

"म्याडम, त्या बायाइनं इतक्या मायेनं आणली. त्याइले काय सांगू, तुमच्या गादीनं माही गाडी जाळली म्हून? आन् चूक माहीच हाय. हाताले समजत नोतं, तरी मी ताप नाही म्हनत होतो." मग पाणी बंद करून म्हणाला, "तुमी बी नका सांगू जी."

मी शब्द दिला आणि सोमवारी सकाळी तो मोडला. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ही तर राहूच नये अशी होती. तुळसाबाईने सगळं ऐकून घेतलं. भिलाई-तीन येईपर्यंत ती गादीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी भाजी विकून झाल्यावर सहाही जणी रिकाम्या टोपल्यांसकट गॅरेजवर पोचल्या आणि शेठला घेरून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. शेठने आठ दिवस देवरावला गाडी देऊन पाहायचं कबूल केलं आणि नवा काटाही बसवून दिला, एवढं मात्र खरं.

पहिल्या दिवशी देवराव इस्त्रीचा शर्ट घालून आला. पावर हाउसला बाया चढल्या, टोपल्या लागल्या. गाडी सोडायच्या आधी त्याने नव्या काट्याकडे पाहिलं, पण त्याचा डावा हात आपोआप बोनेटकडे गेला आणि मध्येच थांबला. लाल गादीला त्याच्या बाजूने एक गोल भोक पाडलेलं होतं, पंजाएवढं. कडेने जाड दोऱ्याची शिलाई घातली होती, टोपलीचा काठ विणावा तशी. आत नुसता काळा पत्रा.

देवराव त्या भोकाकडे पाहतच राहिला. मागून कंडक्टर शिटी मारत होता.

"चांगली गादी होती," तो म्हणाला. "कावून कापली, बाई?"

तुळसाबाई पदर सावरत थोडी पलीकडे सरकली. "साऱ्याइले बसाले जागा केली, भाऊ. तुमच्या हाताचीच राह्यली होती."

देवरावने पंजा पत्र्यावर टेकवला. एरवीपेक्षा बराच वेळ टेकवून ठेवला.

"ताप नाही," तो म्हणाला, आणि त्याने गिअर टाकला.