कानडी अर्जावरची सही

माझे जावई लग्नकार्यांतून सांगत फिरतात की, सुनेच्या दाखल्यासाठी मी सीमेपलीकडच्या कचेरीत टेबलावर मूठ आपटली आणि साहेब उठून उभा राहिला. हे खोटे आहे. साहेब त्या दिवशी रजेवर होता, आणि मी आयुष्यात कोणत्याही टेबलावर मूठ आपटलेली नाही. कोल्हापुरात तीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहिले. माझा कागदच पुरेसा असे.

घडले ते असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुनेची परिचारिका म्हणून निवड झाली. तिचे माहेर दूधगंगेपलीकडचे, कर्नाटकातले, म्हणून शाळेचा दाखला कानडीत. इकडच्या कचेरीने तो परत केला. तिकडच्या कचेरीचा पडताळणीचा शिक्का शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मी त्यांना राज्यघटनेचे दोनशे एकसष्टावे कलम लिहून दिले. एका राज्याच्या सरकारी कागदावर साऱ्या देशाने पूर्ण विश्वास ठेवावा, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. लिपिकाने ते वाचले, नीट घडी घातली.

"बरोबर हाय की. शिक्का तेवढा आणा."

गुरुवारी सुनेला घेऊन मी पलीकडे गेलो. अर्जदार म्हणून नाव माझे. घरातले सारे अर्ज माझ्याच नावाने जात. तिथला लिपिक आमच्यासारखीच मराठी बोलत होता.

"अज्जा, अर्ज कानडीतनं लागतोय. मी लिवतो, तुम्ही खाली सही करा. दोनला शिक्क्याचं कपाट बंद हुतंय."

"जे मला वाचता येत नाही, त्याखाली मी सही करीत नाही."

"मी खोटं लिवीन व्हय?"

"तसे मी म्हटलेले नाही."

"मग काय म्हनलासा?"

मी भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसलो. सीमाप्रश्नाच्या मोर्चांत मी चाललो होतो. ती लिपी माझ्या सहीच्या डोक्यावर बसावी, हे मला सोसत नव्हते. आणि कानडी कागदावर विश्वास ठेवा म्हणून कलम दाखवणाराही मीच. सही न करता परतावे, तर सुनेची नोकरी जाते. तासभर मी त्या बाकावर बसून राहिलो. निरक्षर माणसांना मी अर्ज वाचून दाखवीत असे आणि ती निमूट अंगठा उठवीत, हे नेमके तेव्हाच आठवत राहिले.

दीड वाजता सून म्हणाली, "मामा, दाखला माझा आहे. अर्ज मीच करते."

तिने सात ओळी कानडीत लिहिल्या आणि मी न विचारता मला मराठीत वाचून दाखवल्या. लिपिकाला खाली साक्षीदार हवा होता. मी पेन घेतले. माझी सही मोडी लिपीत आहे. त्या कचेरीत ती कुणालाच वाचता आली नाही.

लिपिकाने ती दोनदा निरखली. मग शिक्का मारला.